दाखवायचा पेशंट

मिक्सर विकायला दोन माणसं लागतात. एक तो चालवून दाखवणारा आणि दुसरा गर्दीत उभा राहून आधी घेणारा. मिक्सरवाल्यांच्या धंद्यात हे दुसरं माणूस म्हणजे त्यांची बायको, सगळ्यांच्या काकू. मिक्सरवाले टेबल मांडायचे, भांड्यात बर्फाचे खडे टाकायचे आणि यंत्राच्या घरघरीवर आवाज चढवून बोलायला लागायचे. काकू हातात पिशवी घेऊन गर्दीत अशा उभ्या राहायच्या, की या माणसाला जन्मात पाहिलेलं नाही.

कधी मोटर तापायची आणि जळका वास सुटायचा. लोकांनी नाकं मुरडायच्या आत मिक्सरवाले हसून सांगायचे, की नवीन वाइंडिंग आहे, पहिल्या दिवशी वास येणारच. मग मागून काकू म्हणायच्या, "आमच्याकडच्यालाही आला होता. दुसऱ्या दिवशी गेला." बस, एवढंच. या एका वाक्यावर दोघांनी संसार रेटला, मुलाला शिकवलं, त्याला परगावी नोकरीला धाडलं. ज्यांच्या घरचा वास दुसऱ्या दिवशीही गेला नाही त्यांचं पुढे काय झालं, याची चौकशी करायला दोघांनाही कधी सवड झाली नाही.

आता धंदा बंद होऊन बरीच वर्षं लोटली होती आणि मिक्सरवाल्यांचं हृदय थकलं होतं. हार्ट फेल्युअर हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा ते डॉक्टरांना म्हणाले, शाळेत फेल झालो तेव्हा निदान पुढच्या वर्षी परत बसू दिलं होतं. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी सांगितलं की हृदय बंद पडलेलं नाही, पण त्याचा जोर ओसरलाय. रक्त पुढे ढकलवत नाही, म्हणून पाणी मागे तुंबतं. आधी पायात, मग पोटात, शेवटी छातीत. ते पाणी लघवीवाटे काढायचं. गोळीने भागलं तर गोळी, नाही तर शिरेतून इंजेक्शन. काकूंनी त्यातलं एवढंच पक्कं धरलं: इंजेक्शन मिळालं तर माणूस श्वास घेतो, नाही मिळालं तर कोरड्या खाटेवर बुडतो.

या खेपेला त्यांना आणलं तेव्हा ते बुडायलाच आले होते. रुग्णालय मोठं होतं, तिसऱ्या मजल्यावर हृदयाचा वेगळा वॉर्ड होता, आणि तिथे इंजेक्शन सुरू झाल्यावर माणूस खरोखरच माणसात आला. घोटे पुन्हा दिसायला लागले. आडवं झोपता यायला लागलं. काकूंनी मुलाला फोन करून सांगितलं, की धावत यायची गरज नाही. मुलाने सुटकेचा श्वास टाकला आणि तो आला नाही.

माणसात आल्याबरोबर मिक्सरवाले बोलायला लागले. इथेच सगळं फिसकटलं. ते गप्प बसले असते तर वॉर्डातल्या बाकीच्यांसारखे पडून राहिले असते, त्यांच्याकडे ढुंकूनही कुणी पाहिलं नसतं, आणि कदाचित इंजेक्शनं घेत घेत सावकाश बरे झाले असते. पण समोरच्या खाटेवरच्या ड्रायव्हरला ते हृदय कसं चालतं हे समजावून सांगत होते, तेव्हा क्वालिटी मॅडम दारात उभ्या होत्या.

या क्वालिटी मॅडम म्हणजे रुग्णालयाची गुणवत्ता सांभाळणाऱ्या बाई. तरुण, कोट घालणाऱ्या, कायम घाईत. त्या पेशंटला हात लावत नसत. पेशंटला हात लावणारे लोक काम नीट करतात हे कागदावर दिसेल, याची काळजी त्या घेत. हृदयाच्या या वॉर्डाला उत्तम सेवेचा बिल्ला मिळणार होता आणि त्यासाठी बाहेरून दोन तपासनीस यायचे होते. ते डॉक्टरांशी बोलतात, सिस्टरांशी बोलतात, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पेशंटशीही बोलतात. वॉर्डातल्या पेशंटांना विचारलं, की घरी गेल्यावर काय काळजी घ्याल, तर ते छताकडे बघत. एकाने सांगितलं, देवाची इच्छा.  अशात मॅडमना मिक्सरवाले सापडले.

त्यांनी मिक्सरवाल्यांना पाठ करायला वाक्यं दिली. रोज सकाळी वजन करावे. मीठ वर्ज्य करावे. पाणी मोजून प्यावे. वजन अचानक वाढल्यास, पायांवर सूज आल्यास, आडवे झाल्यावर धाप लागल्यास तात्काळ कळवावे. मिक्सरवाल्यांनी ती दोनदा वाचली आणि कागद परत दिला. म्हणाले, मॅडम, ह्या भाषेत बर्फसुद्धा विकला जाणार नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी तेच सगळं स्वतःच्या भाषेत म्हणून दाखवलं. हाताचे हावभाव केले, मध्ये एक विनोद टाकला, शेवटी आवाज खाली आणला. सिस्टर हातातलं काम सोडून ऐकत राहिल्या. मॅडमनी त्यांना "सर" म्हटलं. आयुष्यभर लोक त्यांना "ए मिक्सरवाले" म्हणत आले होते. ह्या एका "सर"ने त्यांना जे चढलं ते कुठल्याही इंजेक्शनने उतरण्यासारखं नव्हतं.

खिडकीजवळची खाट मिळाली. नवी चादर मिळाली. मोठे डॉक्टर रोज दोन मिनिटं थांबायला लागले. संध्याकाळी चहाच्या वेळी मिक्सरवाल्यांनी मॅडमना धंद्यातल्या गमती सांगितल्या, काकूंची ती पिशवी, तो अनोळखी चेहरा, ते दुसऱ्या दिवशी गेलेल्या वासाचं वाक्य. मॅडम पोट धरून हसल्या. काकूंना ते अजिबात आवडलं नाही. धंद्याचं मर्म असं चहाबरोबर वाटायचं नसतं. 

काकूंच्या नजरेतून मात्र काही सुटत नव्हतं. बिनमिठाचं म्हणून येणाऱ्या ताटावर चिठ्ठी वेगळी असायची आणि अन्न सगळ्यांचंच. त्यांनी चाखून पाहिलं, मीठ व्यवस्थित होतं. रोज वजन करायचा नियम होता आणि वजनकाटा सेल नसल्यामुळे सामानाच्या खोलीत पडून होता. इनचार्ज सिस्टर सकाळी खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहून पेशंटकडे एकदा बघायच्या आणि कागदावर आकडा टाकायच्या. कालच्यापेक्षा किंचित कमी. त्या काही दुष्ट नव्हत्या. एवढ्या वॉर्डाला त्या आणि एक शिकाऊ मुलगी, दोघीच. सगळ्यांचं वजन करायचं म्हटलं तर औषधं कुणी द्यायची? म्हणून त्यांनी नजरेचा काटा केला होता, आणि त्या काट्यावर वॉर्डातला प्रत्येक माणूस रोज थोडा थोडा बरा होत होता. मरणाऱ्यांचंही वजन आदल्या दिवशी उतरलेलंच असे.

तपासणी जवळ आली तशी साफसफाई सुरू झाली. आधी जाळी निघाली, मग माणसं. जे कण्हत होते, ज्यांचा खोकला थांबत नव्हता, त्यांना वरच्या मजल्यावर हाडांच्या वॉर्डात हलवलं. ड्रायव्हर चाकाच्या खुर्चीवर बसून जाताना विचारत होता, परत केव्हा आणणार. तपासणी झाली की, असं त्याला सांगितलं. तपासणी आधी झाली की तो आधी गेला, ते खालच्या मजल्यावर कुणाला कळलं नाही. त्याच्या खाटेवर चादर ताणून बसवली. रिकामी खाट म्हणजे बरा होऊन गेलेला पेशंट, असं क्वालिटी मॅडमचं म्हणणं होतं.

त्याच दिवशी मिक्सरवाल्यांचं इंजेक्शन बंद झालं. मोठे डॉक्टर म्हणाले, आता गोळीवर ठेवू. हाताला सुई टोचलेला, नळी लोंबत असलेला माणूस तपासनिसांसमोर आदर्श वाटत नाही. हे शेवटचं त्यांनी मॅडमना म्हटलं, पण काकू तिथेच उभ्या होत्या. काकू कायम तिथेच उभ्या असायच्या आणि त्या आहेत हे कुणाच्या लक्षात यायचं नाही. ते तर त्यांचं कसबच होतं.

गोळीने भागलं नाही. दुसऱ्या दिवशी मोज्याचा वळ पायावर उमटला, तिसऱ्या दिवशी घोटे गेले. काकूंनी अंगठ्याने नडगी दाबली तर खड्डा पडला आणि बराच वेळ तसाच राहिला. त्यांनी सिस्टरना गाठलं. सिस्टर म्हणाल्या, उद्या तपासणी, एकदा ते लोक जाऊ देत काकू, मग मी स्वतः डॉक्टरांशी बोलते. मग काकूंनी नवऱ्याला सांगितलं. नवरा म्हणाला, "अगं, आत्ता तोंड उघडलंस तर उद्या ह्यांची फजिती होईल, आणि परवा हे आपल्याला घरी धाडतील. घरी कोण देणार आहे इंजेक्शन? उद्याचा एक दिवस काढ. मग हे लोक आपल्याला तळहातावर झेलतील."

काकूंना ते पटलं. आयुष्यभर पटत आलं होतं.

तपासनीस आले. एक पिकल्या केसांच्या बाई, स्वतः एके काळच्या नर्स, कमी बोलणाऱ्या. आणि त्यांच्याबरोबर टॅबवर खुणा करत जाणारा एक गृहस्थ. मागून मोठे डॉक्टर, क्वालिटी मॅडम, इनचार्ज सिस्टर. वरात खिडकीजवळ थांबली. मिक्सरवाल्यांना नवा गणवेश आणि जाड मोजे दिले होते. त्यांना सकाळपासून धाप होती, पण चार माणसं समोर दिसल्यावर ती कुठल्या कुठे पळाली. ते बोलले. वजनाचं बोलले, मिठाचं बोलले, म्हणाले, मीठ म्हणजे पाण्याचा मेहुणा, एकदा घरात घेतला की मागोमाग सगळं कुटुंब येतं. तपासणीच्या बाई हसल्या. टॅबवरचं बोट भराभर चालत होतं.

मग बाईंनी सहज विचारलं, "आत्ता वजन करून दाखवता का?"

काटा नवाच होता, आदल्या संध्याकाळी खोक्यातून काढलेला. कागदावर सकाळचा आकडा होता बासष्ट. मिक्सरवाले काट्यावर चढले आणि काट्याने सदुसष्ट दाखवलं.

 मोठ्या डॉक्टरांनी सिस्टरकडे पाहिलं, सिस्टरनी जमिनीकडे. क्वालिटी मॅडमच्या चेहऱ्यावरचं हसू होतं तिथेच वाळलं. काकूंच्या छातीत मात्र एकदम मोकळं झालं. आकडा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. आता कुणालाच कानाडोळा करता येणार नव्हता. पाच किलो पाणी. आता इंजेक्शन मिळणारच.

आणि मिक्सरवाले हसले. ते हसू काकूंनी शेकडो वेळा पाहिलं होतं. मोटर जळाल्यावरचं हसू.

"नवा काटा आहे मॅडम," ते म्हणाले. "बसायला एक दिवस घेणारच. त्यात हे मोजे, ही शाल, आणि आमच्या हिने सकाळी पोटभर नाश्ता चारलाय." त्यांनी खिशातून चष्म्याचं घर काढलं, किल्ल्या काढल्या, मोबाइल काढला, एकेक वस्तू टेबलावर अशी ठेवली की बघणाऱ्याला प्रत्येक वस्तू किलोभराची वाटावी. टॅबवाले गृहस्थ हसायला लागले. बाई हसल्या नाहीत. त्या वळल्या आणि त्यांनी थेट काकूंना विचारलं, "काकू, खरंच रोज वजन करतात का ह्यांचं?"

मिक्सरवाल्यांनी काकूंकडे पाहिलंसुद्धा नाही. धंद्यात कधी बघायचं नसतं.

"रोज," काकू म्हणाल्या. "सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. मी स्वतः बघते ना. आजही बासष्टच होतं."

कुणी सांगितलं नव्हतं, शिकवलं नव्हतं. जीभ आपोआप वळली. लघवीनंतर आणि चहाच्या आधी, हा तपशील कुठून आला ते त्यांनाही कळलं नाही, पण त्यानेच काम फत्ते झालं. बाईंनी मान हलवली आणि वरात पुढे सरकली. मोठे डॉक्टर जाता जाता मिक्सरवाल्यांचा खांदा थोपटून गेले. सिस्टर काकूंचा हात दाबून गेल्या. आणि खरं सांगायचं तर काकूंना त्या क्षणी आनंद झाला होता. किती वर्षांनी दोघांनी मिळून माल खपवला होता. दोघं एकमेकांकडे बघून लहान मुलांसारखी हसली. आपण काय विकलं ते काकूंच्या ध्यानात यायला संध्याकाळ व्हावी लागली.

संध्याकाळी मिक्सरवाल्यांना टेकूनही बसवेना. पुढे वाकून, हात टेबलावर ठेवून ते श्वास ओढत होते. काकू सिस्टरकडे गेल्या आणि इंजेक्शन मागितलं. सिस्टरनी आधी दाराकडे पाहिलं, मग हळू आवाजात सांगितलं.

"काकू, इंजेक्शन दिलं तर लिहावं लागतं. उद्या ते लोक परत येणारेत, कागद बघणारेत. ज्याचं वजन वाढलंच नाही त्याला इंजेक्शन कशाला, असं विचारलं तर मी काय सांगू? तुम्हीच तर म्हणालात ना, रोज बघते म्हणून?"

काकू तिथून हलल्या नाहीत. सिस्टरनी मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, गोळी दुप्पट करा, उद्या दुपारपर्यंत निभावून न्या. सिस्टरनी गोळी दुप्पट केली, जास्तीची उशी दिली, आणि खरोखरच वाईट वाटल्यासारखा चेहरा केला. वाईट त्यांना वाटलंही असेल. पण वाईट वाटल्याने लघवी होत नाही. ती रात्र मिक्सरवाल्यांनी बसून काढली आणि काकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवून.

सकाळी काकूंनी ठरवलं, की आज सांगायचं. काय व्हायचं ते होवो, घरी धाडायचं तर धाडा. नवऱ्यानेही मान हलवली. त्याची हौस रात्रीतच फिटली होती.

तपासनीस निरोपाच्या फेरीला आले तेव्हा सगळ्यांचे चेहरे फुललेले होते. बिल्ला मिळाल्यात जमा होता, खाली दालनात फोटोची तयारी चालली होती. क्वालिटी मॅडमनी मोठ्या प्रेमाने सुचवलं, की जाता जाता सरांचं एकदा ऐका ना, धोक्याची लक्षणं कोणती. टॅबवाल्या गृहस्थांनी तेच विचारलं.

मिक्सरवाल्यांनी मान वर केली. एकेक शब्द श्वासावर तोलून बाहेर येत होता.

"आडवं पडलं की... गुदमरतं. पाय बघा. वजन वाढलंय. पाणी छातीपर्यंत आलंय, साहेब. इंजेक्शन... लागणार. आत्ता."

त्या गृहस्थांनी टाळ्या वाजवल्या. मागच्यांनीही वाजवल्या. गृहस्थ म्हणाले, पाठ केलेलं नाही, समजून सांगतायत, ही खरी गुणवत्ता. आणि काय अभिनय.

"अभिनय नाही हो हा," काकू पुढे झाल्या. "खरं बोलतायत ते. काल मी खोटं बोलले. वजन कधी केलंच नाही इथे कुणी."

क्वालिटी मॅडम खळखळून हसल्या. त्यांनी काकूंच्या खांद्यावर हात टाकला आणि तपासनिसांना सांगितलं, की दोघांची जोडी जुनी आहे, काका मिक्सर विकायचे आणि काकू गर्दीत उभ्या राहून गिऱ्हाईक असल्याचं सोंग करायच्या, काकांनी काही म्हटलं की ह्या लगेच री ओढणार. मग ती वासाची गोष्टही सांगितली. गृहस्थांना इतकी गंमत वाटली, की त्यांनी टॅबवर कुटुंबाचा सहभाग या रकान्यापुढे पूर्ण गुण दिले.

काकू खाली बसल्या. त्यांनी नवऱ्याचा मोजा ओढून काढला आणि पायावर अंगठा दाबला. खड्डा पडला. अंगठा काढला तरी तो तसाच राहिला. त्यांनी पिकल्या केसांच्या बाईंकडे वर पाहिलं. बाई वाकल्या. त्यांनी तो खड्डा पाहिला. आणि त्यांना कळलं, हे काकूंना कळलं, कारण गिऱ्हाईकाला वास आला की नाही हे ओळखण्यात काकूंचं आयुष्य गेलं होतं.

बाई सरळ झाल्या आणि मोठ्या डॉक्टरांकडे बघायला लागल्या. डॉक्टर शांतपणे म्हणाले, ही सूज जुनीच आहे, आले तेव्हा याच्या दुप्पट होती, आणि इंजेक्शन आता द्यायचंच आहे. बाईंनी घड्याळ पाहिलं. अहवाल सकाळीच पाठवून झाला होता. तो परत मागवायचा म्हणजे कालचा दिवस खोटा होता हे लिहायचं, आणि कालच्या दिवसाखाली त्यांची स्वतःची सही होती.

"द्या मग लगेच," त्या म्हणाल्या. "आणि काळजी घ्या ह्यांची." आणि त्या गेल्या.

त्यांच्यामागोमाग सगळेच गेले. खालच्या दालनात फोटो होता आणि वॉर्डातल्या प्रत्येकाने हजर राहावं असा निरोप होता. इंजेक्शनच्या कपाटाची किल्ली सिस्टरांच्या खिशात खाली गेली. शिकाऊ मुलगी मागे राहिली होती, पण तिच्याजवळ किल्ली नव्हती आणि अधिकारही नव्हता. मिक्सरवाल्यांचे ओठ निळे पडत चालले होते. "जा," ते काकूंना म्हणाले. एवढंच म्हणाले.

काकू जिन्याने धावल्या. लिफ्टची वाट बघण्याइतका धीर नव्हता. दालनात माणसं तीन ओळींत लावून झाली होती, मध्ये बिल्ला, बाजूला मोठे डॉक्टर, आणि इनचार्ज सिस्टर मागच्या ओळीत, दोन उंच माणसांच्या मध्ये अडकलेल्या. काकूंनी त्यांना हाक मारली. सिस्टर निघायला बघत होत्या, पण फोटोवाला ओरडला, की कुणी हलू नका. आणि क्वालिटी मॅडमनी काकूंना पाहिलं. त्यांना आनंदच झाला. अरे, काकू राहिल्याच की, म्हणत त्यांनी काकूंना दंडाला धरून पुढच्या ओळीत, बिल्ल्याच्या शेजारी उभं केलं.

"इंजेक्शन द्यायचंय," काकू म्हणत होत्या. "किल्ली सिस्टरांकडे आहे. ते वर एकटे आहेत."

"हो हो, एकच मिनिट, इकडे बघा."

पहिला फोटो फुकट गेला. काकूंचं तोंड उघडं आलं, हात पुढे आलेला. दुसरा फोटो बिघडला, कारण काकू मागे वळल्या होत्या. फोटोवाला वैतागला. म्हणाला, "आजी, तुम्ही नीट उभ्या राहिल्याशिवाय कुणीच सुटणार नाही. फक्त एकदा हसा, की झालं."

काकूंना हे पटलं. जितक्या लवकर फोटो, तितक्या लवकर सिस्टर. हिशेब साधा होता. त्या सरळ झाल्या, त्यांनी पदर सारखा केला आणि समोर बघून हसल्या. असं हसल्या, की बघणाऱ्याला वाटावं या बाईने या घरचा माल घेतलाय, वापरलाय, आणि तिची एकही तक्रार नाही. फोटो उत्तम आला.

सिस्टर धावल्या, त्यांच्याबद्दल खोटं कशाला बोला, चपला हातात घेऊन जिना चढल्या. मिक्सरवाले टेबलावर डोकं ठेवून बसलेले होते. शिकाऊ मुलगी भिंतीला टेकून रडत होती. त्यांना आडवं केलं. ते तक्रार न करता आडवे झाले.

मुलगा आला, रडला, सगळं पार पाडलं आणि परत गेला. काकूंनी त्याला काही सांगितलं नाही, सांगायचं तर स्वतःपासून सुरुवात करावी लागली असती. पुढे कधीतरी मृत्यूच्या दाखल्यासाठी त्यांना रुग्णालयात जावं लागलं. खालच्या दालनात बाकावर बसून त्या आपला नंबर यायची वाट पाहत होत्या. शेजारी एक बाई येऊन बसली. तिच्याबरोबर तिचा नवरा होता, चाकाच्या खुर्चीत, पुढे वाकून श्वास ओढणारा. पायात चपला मावत नव्हत्या, म्हणून अर्ध्याच घातलेल्या.

बाई काकूंच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, मग भिंतीकडे, मग परत काकूंकडे. हळूच विचारलं, की इथे हृदयाचं चांगलं बघतात का. ह्यांना इथेच ठेवू, की दुसरीकडे नेऊ?

 या प्रश्नाला आयुष्यभर काकूंनी एकच उत्तर दिलं होतं. या खेपेला त्यांनी त्या बाईचा हात धरला.

"नेऊ नका वर," त्या म्हणाल्या. "इथे कुणी वजन करत नाही, कुणी औषध देत नाही. माझा माणूस इथेच मेला. दुसरीकडे न्या त्यांना, आत्ताच्या आत्ता."

बाईने हात हळूच सोडवून घेतला. तिने भिंतीवरच्या मोठ्या फोटोकडे बोट केलं.

"पण तुम्ही तर इथे हसताय," ती म्हणाली. आणि तिने खुर्ची लिफ्टकडे वळवली.